तणनाशक फवारणीसाठी ट्रॅक्टरचा जमिनीवरील वेग कसा मोजावा

तणनाशकाच्या बाटलीवर मात्रा लिहिलेली असते ती हेक्टरी, पण ट्रॅक्टरच्या बूममधून, म्हणजे नोझल बसवलेल्या आडव्या दांडीतून, पाणी पडते ते मिनिटाच्या हिशेबाने. या दोन मापांची सांगड घालतो तो ट्रॅक्टरचा जमिनीवरील वेग. नोझल चांगले आहे, दाब बरोबर आहे, औषध मापून घातले आहे, आणि तरीही शेताच्या एका भागात पाखड (भातातले तण) तशीच उभी व दुसऱ्या भागात भाताचे पाते पिवळे, असे दिसते तेव्हा बहुतेक वेळा वेग कोणी मोजलेलाच नसतो.

हा लेख मुख्यतः अशा वाचकांसाठी आहे, ज्यांची जमीन मुरबाड, शहापूर, किन्हवली किंवा बदलापूरच्या बाजूला आहे, जे आठवडाभर ठाणे, कल्याण वा नवी मुंबईत नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी भाड्याचा ट्रॅक्टर लावून कामे उरकतात. ट्रॅक्टर आपला नसतो, चालवणारा दर वेळी तोच असेल असे नाही, आणि भाडे एकराने ठरले असेल तर त्याला घाई असते, तासाने ठरले असेल तर ती नसते. त्यामुळे वेग चालकाच्या सवयीवर न सोडता मोजून, ठरवून देणे हे शेतमालकाचेच काम आहे. मोजणीला पाऊण तास लागतो आणि खर्च जवळजवळ शून्य आहे.

ट्रॅक्टरने कुठे फवारावे

आवणी केलेल्या, चिखलणीच्या खाचरात ट्रॅक्टर घालू नये. तेथे पाठीवरचा पंपच योग्य. ट्रॅक्टरवरील बूम उपयोगी पडतो तो पेरभातात, वरकस जमिनीवर, भात कापणीनंतर हरभरा किंवा वाल घेतला जातो त्या शेतात आणि नांगरणी न करता गादीवाफ्यावर भात घेण्याच्या, नेरळहून पसरलेल्या सगुणा पद्धतीत. अर्थात गादीवाफ्यांमधील अंतर ट्रॅक्टरच्या चाकांशी जुळत असेल तरच. साधी कसोटी अशी की, ज्या जमिनीत बुटाची टाच रुतते त्या जमिनीत त्या दिवशी ट्रॅक्टर न्यायचा नाही, कारण तेथे वेगही टिकत नाही आणि चाकांच्या खोल चाकोऱ्यांत पुढे हंगामभर पाणी साचते.

आणखी एक गोष्ट येथेच स्पष्ट केलेली बरी. आंब्याच्या बागेत वापरतात तो जास्त दाबाचा एचटीपी पंप आणि हातात धरायची गन तणनाशकासाठी वापरू नये. गन फिरवणाऱ्याच्या हाताला मोजता येईल असा वेग नसतो, म्हणून पुढे दिलेले कोणतेही गणित तिला लागू पडत नाही. ब्लोअरचेही तेच, त्याचे थेंब इतके बारीक असतात की शेजारच्या भेंडीवर औषध जायला हलका वाराही पुरतो. भेंडी ही कापसाच्याच कुळातील, आणि टू-फोर-डी या तणनाशकाचा थोडा अंश जरी उडून गेला तरी तिची पाने आक्रसतात.

डॅशबोर्डवरील आकडा का पुरत नाही

आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांवर इंजिनाचे आरपीएम, म्हणजे मिनिटातील फेरे, दाखवणारा मीटर आणि तास मोजणारा मीटर असतो, पण जमिनीवरील वेग दाखवणारा मीटर क्वचितच असतो. मडगार्डवर किंवा माहितीपुस्तिकेत गिअरनुसार वेगाचा तक्ता छापलेला असतो आणि चालक तोच सांगतात. तो तक्ता ठरावीक आरपीएमला, ठरावीक मापाच्या नव्या टायरवर आणि चाक अजिबात घसरत नाही असे धरून काढलेला असतो. प्रत्यक्षात टायर झिजलेला असतो, कधी मूळ मापाऐवजी दुसऱ्याच मापाचा बसवलेला असतो, मागे चारशे लिटर पाण्याचे ओझे असते, आणि खाली ऑगस्टमधली ओली माती असते.

चाक किती घसरते हे स्वतः पाहायचे असेल तर एक सोपी चाचणी करावी. मागच्या चाकाच्या बाजूला खडूने एक ठळक रेघ मारावी. गावातल्या डांबरी रस्त्याच्या सपाट तुकड्यावर रिकाम्या टाकीने, सावकाश, चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा आणि किती अंतर कापले ते टेपने मोजावे. १३.६-२८ मापाच्या टायरला ते सुमारे ४० मीटर भरते. मग तेच दहा फेरे शेतात, भरल्या टाकीने मोजावेत. समजा रस्त्यावर ४० मीटर आले आणि शेतात साडेछत्तीस, तर साडेतीन मीटर घसरणीत गेले, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के. तक्त्यावर साडेचार किलोमीटर लिहिले असेल तर आपण प्रत्यक्षात ४.१ ने चाललो आहोत आणि ठरवल्यापेक्षा दहा टक्के जास्त औषध सोडत आहोत. ही चाचणी दर वेळी करण्याची गरज नाही. वेग शेतातच का मोजायचा, हे एकदा डोळ्यांनी पटण्यासाठी ती आहे.

तयारी

लागणारे सामान असे: ५० मीटरचा टेप, नसेल तर ३० मीटरचा, डोक्याएवढ्या उंचीच्या दोन बांबूच्या काठ्या आणि त्यांना बांधायला लाल फडके, मोबाइलमधले स्टॉपवॉच, मिलिलिटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा जग, एक वही. माणसे तीन असावीत, एक चालक, एक वेळ घेणारा आणि एक नोंद करणारा, दोघांतही भागते.

टाकीत फक्त स्वच्छ पाणी घ्यावे, औषधाचा थेंबही नको, कारण या कामात हात वारंवार ओले होतात आणि नोझलच्या खाली वाकावे लागते. टाकी निम्मी भरावी. पूर्ण भरलेल्या आणि रिकाम्या टाकीच्या ओझ्यात बराच फरक असतो, तेव्हा निम्म्या टाकीवर मोजलेला वेग हा संपूर्ण टाकीचा सरासरी वेग मानता येतो. टायरमधील हवा त्याच दिवशी तपासावी. बूम उघडलेला असावा आणि पिकाच्या, पीक नसेल तर जमिनीच्या, वर साधारण अर्ध्या मीटरवर असावा. ११० अंशांच्या फ्लॅट फॅन, म्हणजे सपाट पंख्यासारखा फवारा देणाऱ्या, नोझलला दोन नोझलमध्ये ५० सेंटिमीटर अंतर असताना तेवढीच उंची लागते.

मोजणी ज्या शेतात फवारायचे त्याच शेतात करावी. शेतापर्यंत जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर मोजून भागेल असे वाटते, पण भागत नाही. वेगवेगळ्या जातीच्या दोन जमिनी असतील, उदाहरणार्थ खाली काळसर खोल माती आणि वर मुरमाड वरकस, तर दोन्हीकडे स्वतंत्रपणे मोजावे.

प्रत्यक्ष मोजणी

शेताच्या ज्या लांबीत ट्रॅक्टर फवारताना चालेल त्याच दिशेने टेप अंथरावा आणि ५० मीटरच्या दोन टोकांना काठ्या रोवाव्यात. पहिल्या काठीच्या अलीकडे किमान दहा मीटर मोकळी जागा ठेवावी, कारण पहिल्या काठीशी पोहोचण्याआधी ट्रॅक्टरने आपला कायमचा वेग पकडलेला असला पाहिजे. काठीपाशी थांबून तेथून सुरुवात करणे ही नवशिक्यांची हमखास होणारी चूक आहे; त्यात क्लच सोडण्याचे दोन-तीन सेकंद वेळेत मिसळतात आणि वेग खोटाच कमी दिसतो.

चालकाशी आधीच बोलून गिअर आणि आरपीएम ठरवावेत. आरपीएम ठरवण्याचा क्रम असा असावा: प्रथम पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, पंप फिरवणारा दांडा) चालू करून, बूमचे सर्व नोझल उघडून, दाबमापकावर हवा तो दाब स्थिर राहतो आणि टाकीत पाणी ढवळण्यापुरते परत येते, असे आरपीएम शोधावेत. बहुतेक पंप पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनवलेले असतात आणि ट्रॅक्टरच्या मीटरवर त्या फेऱ्यांची खूण असते. मात्र पंपाची क्षमता जास्त आणि नोझल कमी असतील तर त्याहून कमी फेऱ्यांतही दाब टिकतो आणि डिझेल वाचते. आरपीएम ठरल्यावर हात-रेसचा दांडा त्या जागी घट्ट करावा, आणि मगच गिअर निवडावा. आधी आवडता गिअर आणि मग रेस जुळवणे हा उलटा क्रम आहे.

आता फवारा चालू ठेवूनच ट्रॅक्टर सोडावा. पंप चालू नसताना इंजिनावरचा भार वेगळा असतो, म्हणून कोरडी मोजणी करू नये. वेळ घेणाऱ्याने पहिल्या काठीच्या बरोबर समोर, ट्रॅक्टरच्या वाटेपासून सुरक्षित अंतरावर, काटकोनात उभे राहावे. ट्रॅक्टरचा एकच बिंदू धरावा. पुढच्या चाकाच्या मधोमध असलेली टोपी सर्वांत सोयीची, कारण ती लांबूनही स्पष्ट दिसते. ती टोपी काठीच्या रेषेत आली की घड्याळ चालू करावे, बूमच्या फवाऱ्यापासून अंतर राखून ट्रॅक्टरच्या बाजूने पण पुढे चालत जाऊन दुसऱ्या काठीसमोर तसेच काटकोनात उभे राहावे, आणि तीच टोपी रेषेत आली की घड्याळ बंद करावे. तिरके उभे राहून पाहिल्यास अर्धा-पाऊण मीटर सहज चुकतो. बूम लांब असेल, तर चालत जाण्याऐवजी दुसऱ्या काठीपाशी दुसरा माणूस ठेवून त्याने हात खाली करण्याची खूण ठरवावी.

एकदा मोजून समाधान मानू नये. जाताना आणि येताना अशा किमान दोन-दोन फेऱ्या घ्याव्यात आणि चारही वेळांची सरासरी काढावी. एखादी वेळ बाकीच्यांहून दोन सेकंदांपेक्षा जास्त वेगळी आली तर ती वगळून पुन्हा फेरी घ्यावी. शेताला उतार असेल तर चढाची आणि उताराची वेळ वेगळी लिहावी. दोन्हींत दहा टक्क्यांहून अधिक फरक पडत असेल तर सरासरी काढणे म्हणजे अर्ध्या शेताला जास्त आणि अर्ध्याला कमी औषध देणे होय, म्हणून अशा जमिनीवर उताराला आडवे फवारावे आणि आडव्या दिशेनेच पुन्हा मोजावे. मुरबाडच्या डोंगराकडील वरकस तुकड्यांवर हा प्रश्न नेहमी येतो. आडवे चालवताना ट्रॅक्टर कलंडण्याइतका उतार असेल, तर बूमचा विचारच सोडून द्यावा.

गणित

सूत्र एकच आहे. मीटरमधील अंतराला ३.६ ने गुणावे आणि सेकंदांनी भागावे, म्हणजे ताशी किलोमीटर मिळतात. ५० मीटरसाठी ते आणखी सोपे होते: १८० भागिले सेकंद. साठ सेकंद लागले तर ताशी ३ किलोमीटर, पंचेचाळीस लागले तर ४, चाळीस लागले तर साडेचार, छत्तीस लागले तर ५. शेत लहान असून ३० मीटरच मिळत असतील तर १८० ऐवजी १०८ धरावेत. अंतर जितके कमी तितकी घड्याळाची चूक महाग पडते, हे मात्र ध्यानात ठेवावे. ताशी ४ किलोमीटरला ५० मीटर जायला पंचेचाळीस सेकंद लागतात आणि त्यात अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे सुमारे एक टक्का. वीस मीटरला अठराच सेकंद लागतात आणि तीच चूक तीन टक्क्यांच्या जवळ जाते. त्यामुळे अंतर कमी असेल तर फेऱ्या वाढवाव्यात.

वेग कळला की पाण्याचा हिशेब येतो. एका नोझलमधून मिनिटाला पडणाऱ्या लिटरांना ६०० ने गुणावे, आणि वेग गुणिले दोन नोझलमधील मीटरातील अंतर, या गुणाकाराने भागावे. उत्तर येते ते हेक्टरी लिटर. समजा निळ्या रंगाचा, म्हणजे ०३ क्रमांकाचा फ्लॅट फॅन नोझल आहे. ३ बार दाबाला त्यातून मिनिटाला १.२ लिटर पडते आणि २ बारला सुमारे १ लिटर. दाब २ बार, नोझल अर्ध्या मीटरवर आणि वेग ४ असेल तर ६०० भागिले २, म्हणजे हेक्टरी ३०० लिटर.

सातबारावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते, त्यामुळे हेक्टरी ३०० म्हणजे आरला बरोबर ३ लिटर, आणि गुंठा हा आरच्या जवळपास असल्याने गुंठ्यालाही साधारण तेवढेच, हे लक्षात ठेवायला सोपे जाते. परंतु सातबारावरचे क्षेत्र जसेच्या तसे धरू नये. त्यात पोटखराबा वेगळा दाखवलेला असला तरी बांध लागवडीच्याच क्षेत्रात असतात, आणि लहान खाचरांच्या शेतात बांधांनी अडवलेली जमीन लक्षात येण्याइतकी असते. जेथे बूम प्रत्यक्ष फिरणार तेवढीच लांबी-रुंदी टेपने मोजून औषध काढावे.

आता वेगाची चूक कशी अंगाशी येते ते पाहू. पेरभातात पेरणीनंतर तण दोन-तीन पानांवर असताना वापरल्या जाणाऱ्या बिस्पायरीबॅक सोडियम १० टक्के या औषधाची शिफारस हेक्टरी २०० मिली, ३०० लिटर पाण्यातून, अशी आहे. ४०० लिटरच्या टाकीत आपण २६७ मिली घातले, वेग ४ आहे असे समजून. प्रत्यक्षात ओल्या मातीमुळे ट्रॅक्टर ३.४ ने चालला, तर हेक्टरी ३५३ लिटर पडले आणि औषध २३५ मिली. उलट चालकाने एक गिअर वर टाकून ५ ने नेला, तर हेक्टरी २४० लिटर आणि औषध १६० मिलीच. पहिल्या चुकीत पैसे जातात आणि पिकाला ताण बसतो. दुसरी चूक माझ्या मते जास्त वाईट, कारण अर्धवट मेलेली पाखड आठवडाभराने पुन्हा उठते आणि तोवर ती औषधाला दाद न देण्याइतकी मोठी झालेली असते. मग दोष दुकानदाराला आणि कंपनीला दिला जातो.

सगळ्याच औषधांना ३०० लिटर चालत नाही. पेरणीनंतर आणि उगवणीपूर्वी ओलसर जमिनीवर फवारायच्या पेंडीमेथॅलिन ३० टक्केसाठी लेबलवर हेक्टरी ५०० ते ७०० लिटर पाणी असते. निळ्या नोझलने २ बारला ५०० लिटर गाठायचे तर वेग २.४ पर्यंत खाली आणावा लागेल, आणि ते कंटाळवाणेच नव्हे तर अनेक ट्रॅक्टरांच्या गिअरमध्ये बसणारेही नाही. तेथे नोझलच बदलावा. लाल, म्हणजे ०४ क्रमांकाच्या नोझलमधून ३ बारला मिनिटाला १.६ लिटर पडते. त्याने ५०० लिटरसाठी वेग ३.८ च्या आसपास येतो, जो खाचरात सहज जमतो. आधी लेबल वाचावे, मग पाणी ठरवावे, त्यावरून नोझल घ्यावा आणि शेवटी गिअर जुळवावा.

सूत्राची उलटतपासणी

आकडेमोडीवर विश्वास नसेल तर वेग न काढताही उत्तर मिळते. ५० मीटर जायला जितके सेकंद लागले, तितकेच सेकंद उभ्या ट्रॅक्टरवर, त्याच आरपीएमला, एका नोझलखाली जग धरावा आणि जमलेले पाणी मिलिलिटरमध्ये मोजावे. नोझल अर्ध्या मीटरवर असतील तर त्या पाण्याला ०.४ ने गुणले की हेक्टरी लिटर मिळतात. पंचेचाळीस सेकंदांत ७५० मिली जमले, तर ३००. सूत्राने आणि जगाने काढलेले उत्तर जुळले तर पुढे जावे. जुळले नाही तर नोझलवर छापलेल्या आकड्यापेक्षा जगावर विश्वास ठेवावा.

हीच पद्धत प्रत्येक नोझलखाली वापरून पाहावी. सरासरीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त फरकाने कमी पाणी देणारा नोझल आणि त्यामागची जाळी धुऊन घ्यावी. तोंड साफ करायला टाचणी किंवा तार वापरू नये, जुना दात घासायचा ब्रश पुरतो. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त पाणी देणारा नोझल झिजलेला असतो, तो बदलावा, आणि एकाचे तोंड झिजले असेल तर बाकीचेही त्याच वाटेवर असतात.

रेसला हात लावू नये

या साऱ्या मोजणीवर पाणी पाडणारी सवय म्हणजे फवारताना रेस कमी-जास्त करणे. चालकाला वाटते की रेस कमी केली तर पंपही हळू फिरेल, पाणीही कमी पडेल आणि हिशेब आपोआप बरोबर राहील. तसे होत नाही. बूमवरील दाबनियंत्रक जादा पाणी बायपासने टाकीत परत पाठवून दाब एकसारखा ठेवतो. पंपाच्या फेऱ्या थोड्या कमी झाल्या तर परत जाणारे पाणी कमी होते, नोझलमधून पडणारे मात्र जवळजवळ तेवढेच राहते. ट्रॅक्टर तेवढा हळू झाला आणि पाणी तेवढेच पडत राहिले, म्हणजे त्या पट्ट्यात औषध वाढले. म्हणून वेग बदलायचाच असेल तर त्याच आरपीएमला गिअर बदलावा आणि पुन्हा मोजावे.

दाब वाढवून वेगाची भरपाई करू, हा दुसरा गैरसमज. नोझलमधील प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे पाणी दुप्पट करायचे तर दाब चौपट करावा लागतो. शिवाय दाब वाढला की थेंब बारीक होतात आणि उडतात. दाब हा बारीकसारीक फरक जुळवण्यापुरता आहे. मोठा फरक नोझल आणि गिअर यांनीच जुळवायचा असतो.

मग कोणता वेग चांगला? मोकळ्या, सपाट रानात लोक ताशी ५ ते ६ किलोमीटरने फवारतात. आपल्याकडील लहान, बांधांनी तुटलेल्या शेतात साडेतीन ते साडेचारच्या वर जाऊ नये. त्याहून जास्त वेगाने बूमची टोके वर-खाली हेलकावतात, टोक खाली आले की पट्टा अरुंद होतो आणि वर गेले की फवारा वाऱ्यावर जातो. शेताशेजारी भाजीपाला असेल किंवा पाणी उल्हास, बारवी वा भातसा यांना मिळणाऱ्या नाल्यात उतरत असेल, तर वेग आणखी थोडा कमी ठेवून त्यानुसार पाण्याचा हिशेब पुन्हा करावा, आणि नाल्यालगतचा पट्टा न फवारता सोडावा.

लहान खाचरातील अडचण

मोजलेला वेग हा ट्रॅक्टर स्थिर चालत असतानाचा असतो. शंभर मीटर लांबीच्या शेतात सुरुवातीचे आणि शेवटचे दोन-तीन मीटर विसरता येतात, पण तीस मीटरच्या तुकड्यात त्यांचे प्रमाण मोठे होते. बांधाशी उभे राहून आधी कॉक उघडायचा आणि मग क्लच सोडायचा, असे केले तर बांधालगत दुप्पट-तिप्पट औषध पडलेला एक पट्टा तयार होतो, आणि पुढे तेथेच भात पिवळा दिसतो.

यावरचा उपाय असा. दोन्ही टोकांना वळण्यासाठी पट्टा सोडावा, आणि तो बूमच्या रुंदीच्या पूर्ण पटीत ठेवावा; सहा मीटरचा बूम असेल तर सहा मीटर, ट्रॅक्टर वळत नसेल तर बारा. तो पट्टा ओलांडतानाच ट्रॅक्टरने वेग पकडावा, पट्ट्याची हद्द आली की कॉक उघडावा, आणि पलीकडच्या पट्ट्याच्या हद्दीवर वेग न घटवता बंद करावा. मधला भाग झाला की दोन्ही टोकांचे पट्टे बांधाला समांतर एकेका फेरीत, बारा मीटरचे असतील तर दोन-दोन फेऱ्यांत, पूर्ण करावेत. हद्दीवर चुन्याची रेघ किंवा झेंडी असली की चालकाला अंदाज घ्यावा लागत नाही. “दादा, झेंडीवर कॉक, आणि रेस जशी आहे तशी,” एवढे सांगितले की बहुतेक चालक ते नीट पाळतात. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला ही गोष्ट लवकर कळते, सांगणाराच सहसा कोणी नसतो.

ज्या खाचरात हे पट्टे सोडल्यावर मधे काही उरतच नाही, तेथे ट्रॅक्टरचा हट्ट धरू नये.

मोबाइलवरील वेग

मोबाइलमधील जीपीएस ॲप वेग दाखवते आणि चालकासमोर ते लावून ठेवायला हरकत नाही. पण सावकाश चालणाऱ्या वाहनाचा वेग त्यावर सतत हलता दिसतो, गिअर बदलल्यावर खरा आकडा यायला काही सेकंद लागतात, आणि आंब्याच्या झाडाखाली किंवा डोंगराच्या कुशीत तो आणखी डळमळतो. त्यामुळे गिअर चुकला तर लगेच लक्षात येण्यासाठी ॲप, आणि हिशेबासाठी काठ्या व घड्याळ, अशी विभागणी ठेवावी. लांब शेत असेल तर ॲपवरील क्षणाक्षणाचा वेग न पाहता संपूर्ण फेरीचा सरासरी वेग पाहावा.

पाठीवरच्या पंपाला तोच नियम

ट्रॅक्टर जात नाही त्या खाचरात माणसाचा वेगही याच रीतीने मोजता येतो. पाठीवर पाण्याने निम्मा भरलेला पंप, हातात फ्लड जेट किंवा फ्लॅट फॅन नोझलची दांडी, आणि पायाखाली प्रत्यक्ष फवारायची तीच माती, असे घेऊन २० मीटर चालावे. त्याला ताशी किलोमीटरमध्ये बदलायचीही गरज नाही: जितके सेकंद लागले तितका वेळ जगात पाणी जमवावे आणि ते लिटर गुणिले दहा हजार, भागिले वीस मीटर गुणिले फवाऱ्याच्या पट्ट्याची रुंदी, असे केले की हेक्टरी लिटर मिळतात. दोन मजूर असतील तर दोघांचे वेगळे मोजावे. उंच माणसाची ढांग लांब असते आणि त्याच पंपातून तो कमी औषध देतो.

काय लिहून ठेवावे, पुन्हा केव्हा मोजावे

मोजणी झाली की वहीत तारीख, शेताचे नाव, मातीची स्थिती, गिअर, आरपीएम, दाब, नोझलचा रंग, ५० मीटरची सरासरी वेळ आणि हेक्टरी लिटर एवढे लिहावे. ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर टायरचे मापही लिहावे, कारण पुढच्या वेळी त्याच कंपनीचा दुसरा ट्रॅक्टर आला तर जुना आकडा लागू पडेलच असे नाही. टाकी स्वतःची असेल तर तिच्या बाजूला ऑइलपेंटने गिअर, आरपीएम आणि दाब हे तीनच आकडे रंगवावेत. वही घरी राहते, टाकी शेतात येते.

पहिली टाकी फवारताना एक पडताळा घ्यावा. टाकीवरील खुणेप्रमाणे १०० लिटर संपले तेव्हा हेक्टरी ३०० च्या हिशेबाने सुमारे ३३ गुंठे व्हायला हवेत. तीन-चार गुंठ्यांहून अधिक तफावत आली तर तेथेच थांबून कॉक बंद करावा, दाब पाहावा आणि चालू असलेला गिअर खरोखर ठरवलेलाच आहे का ते विचारावे. गिअरचा जलद-मंद टप्पा निवडणारा हाय-लोचा दांडा दुसऱ्याच बाजूला गेलेला असणे हे त्यातले सर्वांत नेहमीचे कारण.

पुन्हा मोजायचे ते टायर किंवा ट्रॅक्टर बदलल्यावर, नोझल बदलल्यावर, पंपाची दुरुस्ती झाल्यावर, आणि जमिनीची ओल बदलल्यावर. जूनमध्ये पेरणीनंतर ताज्या, भुसभुशीत मातीवर मोजलेला वेग जुलैमध्ये दबलेल्या, ओल्या मातीवर तसाच राहत नाही, आणि नोव्हेंबरमध्ये हरभऱ्यासाठी त्याच शेतात उतरताना जमीन कडक झालेली असते, चाक घसरत नाही आणि ट्रॅक्टर थोडा जास्त वेगाने निघतो. तेव्हा हंगामागणिक काठ्या पुन्हा रोवाव्यात आणि टाकीवरचा जुना आकडा पुसून नवा लिहावा.